दख्खनचा घोडा आणि त्याच्या चंदीचा हिशेब

दख्खनच्या पठाराचे आणि घोड्याचे नाते वर्णन करताना आपले बखरकार, आणि त्यांच्यामागून आलेले इतिहासलेखकही, स्वारीच्या धुरळ्यात इतके रमून जातात की त्या घोड्याच्या तोबऱ्यात रोज पडणारी चंदी कोणाच्या पदरची होती हे विचारण्याचे त्यांना भानच राहत नाही. वास्तविक पुण्याच्या आसपास आज चालणारा शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय किफायतशीर आहे की नाही, या प्रश्नाचा उलगडा त्या तोबऱ्यापासूनच सुरू करावयास हवा. कारण या मुलखात शिंगराच्या किमतीतून शिंगराचा खर्च भागल्याचा काळ शोधू गेल्यास तो सापडणे कठीण आहे.

प्रथम लक्षात घ्यावयाचे ते हे, की उत्तम घोडा हा दख्खनेत शतकानुशतके समुद्रमार्गे येणारा माल होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी एक चमत्कारिक हकीकत नमूद करून ठेवली आहे: त्याच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या चाच्यांशी त्याचा असा करार होता, की लुटीत सापडलेला प्रत्येक घोडा राजाचा, आणि बाकीचे सोने-नाणे, माल-मत्ता चाच्यांची. ज्या राजाला लुटीच्या सोन्यापेक्षा घोडा अधिक मोलाचा वाटे, त्याच्या राज्यात घोड्यांची पैदास कितपत होत असेल हे वेगळे सांगावयास नको. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि जुन्नरास पोचला, तेव्हा तेथील सुभेदार असदखान याने तो घोडा जप्त करून, धर्मांतर केल्यास घोडाही परत मिळेल आणि वर मोहराही मिळतील, अशी लालूच त्याला दाखविली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने निकितिनचा धर्म वाचला आणि घोडाही सुटला. तो त्याने पुढे बिदरास विकला. परंतु विकण्यापूर्वी वर्षभर त्याला पोसण्यास किती खर्च आला, याची नोंद करावयास हा व्यापारी विसरला नाही. इकडे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, असेही त्याने लिहिले आहे. दख्खनच्या घोड्याविषयी इतका रोखठोक साक्षीदार पुढे क्वचितच मिळतो.

भीमा आणि नीरा यांच्या काठचे जे तट्टू भीमथडी या नावाने प्रसिद्धीस आले, ते बाहेरच्या रक्ताचा देशी घोड्यांशी संकर होऊन निपजले असे परंपरेने मानले जाते. ठेंगणे, काटक, थोड्या चाऱ्यावर दिवसभर मजल मारणारे हे जनावर मराठ्यांच्या युद्धपद्धतीला मानवले आणि मराठ्यांची युद्धपद्धती त्याला मानवली. त्याच्या निपजीमागे कोणती अर्थव्यवस्था उभी होती, हे पाहण्याजोगे आहे. शिवछत्रपतींच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते; बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःच्या मालकीचा. सभासदाने सांगितल्याप्रमाणे 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी पागेची बांधणी होती, आणि पागेतल्या जनावराची चंदी, वैरण, नालबंदी ही सारी सरकारच्या खर्ची पडे. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीस येई आणि त्याबद्दल वेतन घेई. घोडा पडला की त्याचे भांडवल बुडाले आणि बहुधा रोजगारही गेला. पुढील काळात शिलेदारी वाढली, आणि जनावर जपण्याकडे स्वाराचा कल झुकू लागला, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे. मला त्यात शिलेदाराच्या भ्याडपणापेक्षा त्याच्या हिशेबाची जाणीवच अधिक दिसते. काही असले तरी भीमाकाठच्या घोडीवाल्याला शिंगराचे गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागत नव्हते. ते गिऱ्हाईक म्हणजे दौलत होती, आणि दौलतीचा खर्च मुलूखगिरीतून आणि चौथाईतून निघत होता.

1818 साली पेशवाई बुडाली आणि हे गिऱ्हाईक एका हंगामात नाहीसे झाले. घोडा तोच होता, कुरणे तीच होती, नद्यांचे पाणीही आटले नव्हते. परंतु दख्खनी घोड्याचा ऱ्हास होऊ लागल्याची तक्रार इंग्रज अंमलदार लवकरच करू लागले. कंपनी सरकारने शिरूरजवळ आलेगाव येथे सरकारी पैदास-केंद्र चालवून पाहिले. आलेगाव पागा या नावात जुन्या काळाची खूण आजही शिल्लक आहे. पैदास मात्र टिकली नाही. लष्कराला मोठ्या बांध्याची जनावरे हवी होती, आणि ती ऑस्ट्रेलियातून गलबते भरून येऊ लागली; न्यू साउथ वेल्समधून आलेली म्हणून त्यांना वेलर म्हणत. भीमथडी तट्टू उरले ते मेंढपाळ धनगरांचे बिऱ्हाड वाहण्यापुरते. अलीकडे त्याला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली, हे उशिरा का होईना योग्यच झाले.

घोड्याला पुढचा अन्नदाता भेटला तो लष्कराबाहेर. मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्यास भरत, त्या 1883 साली महालक्ष्मीच्या पाणथळ जमिनीवर आल्या. पावसाळ्यात घोडे घाट चढून पुण्यास जात, आणि तो प्रघात अद्याप चालू आहे. प्रारंभी धावत ते इराणी आखाताकडून आलेले अरबी घोडे, मागाहून विलायती थरोब्रेड. दुसऱ्या महायुद्धात आयात अवघड झाली, आणि 1943 साली भारतीय डर्बी प्रथमच धावली. ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने जिंकली. देशी पैदाशीला असे संरक्षण लाभल्यावर मुळामुठेच्या काठी घोड्यांचे मळे वाढू लागले. हडपसरचा पूनावालांचा स्टड फार्म 1946 सालचा.

या धंद्याचे गणित सोपे आहे आणि म्हणूनच निष्ठुर आहे. थरोब्रेडच्या वंशावळीत कृत्रिम रेतनाला मज्जाव असल्याने उत्तम वळू प्रत्यक्ष विलायतेहून विकत आणावा लागतो, आणि त्याची शिंगरे धावून दाखवीपर्यंत तो खरा उतरला की नाही हे कळत नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू दोन वर्षांचे होण्याच्या सुमारास विकले जाते. म्हणजे जोड लावल्यापासून पैसा हाती येईपर्यंत जवळजवळ तीन वर्षे जातात, आणि तेही घोडी फळली व शिंगरू धडधाकट निपजले तर. इंग्लंडची डर्बी तीन वर्षांचे घोडे जूनमध्ये धावतात. आपली डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची आणि फेब्रुवारीतली, म्हणजे तेवढी अधिक चंदी मालकाच्या अंगावर. मालक ही किंमत देतो ती बक्षिसाच्या आशेने, बक्षिसाची रक्कम क्लबाकडून येते, आणि क्लबाचे उत्पन्न मुख्यतः पैजेतून येते. याप्रमाणे हडपसरच्या मळ्यातल्या शिंगराची चंदी अखेर पैज लावणाऱ्या अनोळखी माणसाच्या खिशाशी बांधलेली आहे.

या साखळीतून बाहेर पडलेले एकच ठळक उदाहरण मला आढळते. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पूनावालांच्या मळ्यातून हाफकिन संस्थेस जात आणि त्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वाताची प्रतिविषे तयार होत. ते पाहून सायरस पूनावाला यांनी हे काम आपणच करावे असे ठरविले आणि 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. घोड्याच्या धंद्याने या भागाला दिलेले सर्वांत मोठे धन हे असे शर्यतीच्या मैदानाबाहेर निपजले.

पैजेविषयी न्यायालयाने आणि कोशागाराने घेतलेल्या भूमिका परस्परांशी जुळत नाहीत. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. परंतु वस्तू व सेवा कर आला तेव्हा पैजेवर 28 टक्के कर बसला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये शर्यत क्लबांना जुगारघरांच्या पंक्तीला बसवून तो 40 टक्के करण्यात आला. कर चुकविणाऱ्या चोरट्या पैजेला याहून मोठे उत्तेजन कोणते असू शकेल, हे मला सुचत नाही. आणि त्या चोरट्या पैजेतून शिंगराच्या तोबऱ्यात एक दाणाही पडत नाही.

माझ्या मते पुण्याची अश्वपैदास आपल्या पायांवर उभी राहू शकेल असे सांगणारे मालक आणि ती केवळ धनिकांची हौस आहे असे म्हणणारे टीकाकार, दोघेही तिचा इतिहास विसरतात. तिचा खर्च पूर्वी दौलतीने सोसला, नंतर पैजेने सोसला. पैज कराने आटवायची असेल, तर शासनाने तसे स्पष्ट सांगावे आणि मळ्यांवर राबणारे सईस, नालबंद आणि सालोत्री यांच्यासाठी दुसऱ्या पोटापाण्याची तजवीज आताच करावी.