नोंद नावावरून वाचू नये

सोयरीक जुळवताना, शाळेच्या बसला चालक ठेवताना, उसाच्या हंगामात वाहतुकीचा करार करताना सातारा-सांगलीकडच्या घरांत आता एक नवी चौकशी होऊ लागली आहे. पूर्वी गावच्या पोलीस पाटलाला विचारत. आता कोणीतरी घरातल्या पोराला म्हणतो, "मोबाईलवर बघ की, कोर्टाचं सगळं ऑनलाईन आहे." पोरगा नाव टाकतो. नाव आले, तर तो माणूस दारू पिऊन गाडी चालवणारा. नाव आले नाही, तर तो स्वच्छ. हा समज सुशिक्षितांत अधिक पक्का आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो अगदीच पोकळ नाही. दारू पिऊन वाहन चालवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ खालचा गुन्हा आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की तो घडतो. हेल्मेट नसल्याचा दंड जागेवर भरून सुटता येते, कारण कलम २०० ने तशी तडजोडीची सोय ठेवली आहे. त्या कलमाच्या यादीत १८५ नाही. म्हणजे प्रकरण न्यायालयात गेलेच पाहिजे. न्यायालयात गेलेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि ते न्यायालयांच्या 'ई-कोर्ट्स' या संकेतस्थळावर दिसते. मग नावाने शोधल्यावर ते सापडायलाच हवे. तर्क सरळ आहे. तो मोडतो तो व्यवहारात, आणि एका नव्हे, अनेक जागी.

पहिली जागा म्हणजे न्यायालय कुठले. खटला चालतो तो गुन्हा जिथे घडला तिथे. चालक राहतो कुठे याच्याशी त्याचा संबंध नाही. ई-कोर्ट्सवर नावाने शोधायचे तर आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायसंकुल आणि वर्ष निवडावे लागते. तासगावच्या माणसाची चौकशी करणारा सांगली जिल्हा निवडतो, फार तर तासगाव आणि मिरज पाहतो. पण तो माणूस सुट्टीत महाबळेश्वरला गेला असताना घाटात अडवला गेला असेल, तर कागद सातारा जिल्ह्यात आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कराडजवळ सापडला असेल, तर कराडला. मिरजेहून म्हैसाळमार्गे कागवाडच्या हद्दीत गेला आणि तिथे पकडला गेला, तर महाराष्ट्रातली सारी न्यायालये धुंडाळूनही हाती काही लागणार नाही, कारण खटला बेळगाव जिल्ह्यात असेल. गाडीच्या पाटीवरचे एमएच १०, ११ किंवा ५० हे आकडे गाडीची नोंदणी सांगली, सातारा की कराडला झाली एवढेच सांगतात. चालकाचा खटला कुठे आहे, ते त्यांवरून कळत नाही.

दुसरी जागा नावाची. वाळवा, पलूस, कडेगावच्या पट्ट्यात पाटील, पवार, जाधव, मोहिते, कदम ही आडनावे किती दाट आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात नाव इंग्रजी अक्षरांत चढवलेले. जाधवचे स्पेलिंग एका न्यायालयात एक, दुसऱ्यात दुसरे. वडिलांचे नाव कधी पूर्ण, कधी एका अक्षरात. आरोपीचे वय आणि गाव प्रकरणाच्या कागदांत असते, शोधाच्या यादीत नाही. त्यामुळे खऱ्या आरोपीचे नाव निसटते आणि नामसाधर्म्यामुळे भलताच माणूस सापडतो. ठरलेले लग्न अशा एका ओळीवरून मोडले, तर ती चूक दुरुस्त करायला कुठलेही न्यायालय नाही.

काही जण म्हणतात, मग पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर पाहू. ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर ठेवायला सांगितले, हे खरे. पण नाकाबंदीत फुंकर मारायला लावून पकडलेल्या माणसाचे प्रकरण, अपघात नसेल तर, बहुधा एफआयआरच्या वाटेने जातच नाही. ते थेट खटला म्हणून न्यायालयात दाखल होते. पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधून काही मिळाले नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता नाव सापडले असे धरू. सापडले ते काय? इथे मला सर्वांत जास्त थांबायचे आहे, कारण 'दारूची केस' या दोन शब्दांखाली आपण निरनिराळे गुन्हे एकत्र बांधतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्याच्या कलम ८५ खाली सार्वजनिक जागी दारूच्या अमलात गोंधळ घालणारा येतो. कलम ६६(१)(ब) खाली मद्य प्राशन करणारा येतो. यांपैकी कशालाही स्टिअरिंग लागत नाही. यात्रेत पायी चालताना पकडलेला माणूसही तिथे असू शकतो. उलट, ज्याने दारू पिऊन माणसे मारली त्याच्या शिक्षेच्या कलमांत दारूचा शब्दही नसू शकतो. मुंबईच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ ला पदपथावर झोपलेले सात जण गाडीखाली मेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क होता. त्याला शिक्षा झाली ती भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ भाग दोन, ३३८ आणि ३३७ खाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. फक्त '१८५' शोधणाऱ्याला तो खटला लागणार नाही.

मोजमापही एक नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम. दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(२) मधले गृहीतक ०.०५ टक्क्यांपासून लागू होते, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमपासून. चाळीस मिलिग्रॅम सापडलेला माणूस एका कायद्याने आरोपी ठरतो आणि दुसऱ्यातले गृहीतक त्याला लागत नाही. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर 'मद्यप्राशन केले आहे, परंतु अमलाखाली नाही' असे वाक्य असते. ते वाचून लोक म्हणतात, डॉक्टरनेच सोडवला. तसे नव्हे. कलम १८५ ला तीस मिलिग्रॅमचा आकडा पुरतो, झोकांड्या जायची गरज नाही. उलट बाजूने, १९७१ मध्ये बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त किंवा लघवी न तपासता, माणूस नशेत होता असे धरता येत नाही. म्हणून कागदात पहिली गोष्ट पाहायची ती आकडा, आणि तो कोणत्या तपासणीतून आला ते.

मग निकालाची ओळ. पडद्यावर प्रकरण निकाली निघाले असे दिसले की वाचणारा शिक्षा झाली असे समजतो. निकाली तर निर्दोष सुटलेलेही निघते आणि गुन्हा कबूल करून दंड भरलेलेही. या खटल्यांत कबुलीची वाट मळलेली आहे. हजेरीला बोलावले, कबूल केले, दंड भरला, फार तर न्यायालय उठेपर्यंत कैद भोगली, आणि माणूस संध्याकाळी घरी. घरी सांगतो, "पावती फाडली." पावती फाडली नाही. त्याच्यावर गुन्हा शाबित झाला आहे, आणि न्यायालयाच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच आहे. याच्या उलटही घडते. तालुक्याच्या न्यायालयाने दोषी ठरवले आणि सत्र न्यायालयाने निकाल फिरवला, तर तो दुसऱ्या न्यायालयाच्या पानावर असतो. पुढे उच्च न्यायालयात गेलेली जुनी प्रकरणे मुंबईला सापडतील, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. खालचे एकच पान वाचणारा अर्धा निकाल वाचतो.

न्यायालय आणि पोलीस यांच्यानंतरची तिसरी वही आरटीओची, आणि ती लोक सर्वांत कमी समजून घेतात. परवाना निलंबित करण्याचा अधिकार दोघांना आहे, कलम २० ने शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला आणि कलम १९ ने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये भर घालून पोलिसांना सांगितले की १८५ चा आरोपी सापडला की परवाना ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवा. म्हणजे खटला सुरू असतानाच परवाना निलंबित होऊ शकतो, आणि पुढे आरोपी निर्दोषही सुटू शकतो. उलट, मुदत संपली की परिवहनच्या 'सारथी'वर परवाना पुन्हा चालू दिसतो. 'चालू आहे' याचा अर्थ आज वैध आहे, एवढाच. मागे काय झाले ते त्या शब्दात नाही. शिवाय ती स्थिती पाहायला परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख लागते, नावाने ती मिळत नाही, आणि मिळूही नये.

यावर विचारले जाईल, की मग चौकशीच करू नये का? मी नेमके उलटे म्हणतो. ज्याच्या हाती चाळीस मुलांची बस द्यायची आहे त्याची चौकशी झालीच पाहिजे, पण लपूनछपून नावाने नव्हे. ब्रिटनमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद परवान्यावर अकरा वर्षे राहते, आणि मालकाला ती पाहायची असेल तर चालक स्वतः एक संकेतांक काढून देतो. आपल्याकडेही चालकाला समोर बसवून परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख मागता येते, खटला झाला होता का असे विचारता येते, आणि झाला असेल तर सीएनआर क्रमांक घेता येतो. त्या क्रमांकाने रोजनामा उघडतो. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून, फी भरून आदेशाची प्रमाणित प्रत मिळते. उच्च न्यायालयाच्या नियमांना धरून त्रयस्थालाही ती मागता येते. त्या प्रतीत कलम, गुन्ह्याची तारीख, तपासणीचा आकडा, कबुली की पुरावा, दंड किती आणि परवान्याबद्दल काय आदेश झाला, एवढे पाहावे. तारखेला महत्त्व आहे. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंत होता, त्यानंतर दहा हजार झाला. दोन हजारांचा आदेश पाहून कोणी प्रकरण किरकोळ होते असे म्हणू नये.

हे सारे केवळ चौकशी करणाऱ्याच्या सोयीचे नाही. कायदा दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही सांगतो. पूर्वी तो तीन वर्षांच्या आत घडला तरच दुसरा मानला जाई. ती अट २०१९ मध्ये काढली गेली, म्हणजे जुनी शिक्षाही मोजली जाते. पण मिरजेत दंड भरलेला माणूस कराडला पुन्हा सापडला आणि सरकार पक्षाने मिरजेचा आदेश पुढे ठेवला नाही, तर न्यायाधीशांसमोर तो पहिल्यांदाच आलेला माणूस असतो. कलम २५अ ने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे. न्यायालयाचा प्रत्येक १८५ चा आदेश त्या वहीत परवान्याच्या क्रमांकासमोर चढला, तर कराडला मिरज दिसेल. सातारा आणि सांगलीच्या वकील संघटनांनी आणि दोन्ही आरटीओंनी ही मागणी लावून धरावी. तोवर आपल्या तालुक्याच्या नक्कल विभागापर्यंत जा, प्रत मागा आणि ती पूर्ण वाचा.