‘ढ’ कोणी ठरवला?

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे ‘ढ’ म्हणतात. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत जवळजवळ सगळी अक्षरे बदलली, ‘ढ’ मात्र जसाच्या तसा राहिला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. अक्षराचे ठीक आहे हो, पण मूलही बदलणार नाही, हे कोणी ठरवले? दहावीचा निकाल लागला की आपण गुण पाहतो आणि मुलावर शिक्का मारून मोकळे होतो. त्या गुणांमागे घरातला दिवा असतो, पोटातली भाकरी असते, घरची भाषा असते. आपल्या महाराष्ट्रातल्या जाणत्या माणसांना हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच उमगले होते. त्यांचीच थोडी आठवण आज करू या.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. कुणब्याचे मूल शाळेत का टिकत नाही, याचे कारण त्यांनी मुलाच्या डोक्यात शोधले नाही. ते त्यांना घरच्या दारिद्र्यात आणि शेतातल्या कामात सापडले. मुसलमानांची मुले या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची गोडी नाही, हेही त्यांनी त्यात नोंदवले आहे.

हे वाचताना मी नेहमी थांबतो. आमच्या घरी दखनी बोलत आणि शाळेत मराठी. पहिलीत गुरुजींचे अर्धे बोलणे डोक्यावरून जाई. मला मराठी मिळाली ती शेजाऱ्यांच्या अंगणात, गोट्या आणि विटीदांडू खेळताना. पुढे मी त्याच भाषेत कविता लिहू लागलो. ज्यांच्या वस्तीला असे शेजारचे अंगण नव्हते, ती माझ्याच बुद्धीची मुले चौथीच्या आत गळाली. त्यांना कोणी ‘भाषा अडली’ म्हटले नाही. ‘ढ’ म्हटले.

आता कोल्हापूरला जाऊ. खेड्यातला हुशार मुलगा शहरात शिकायला आला, तर राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हाच पहिला प्रश्न होता. शाहू महाराजांनी तो ओळखला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग निघाले, तेव्हा महाराज स्वतः त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

बोर्डिंग म्हणजे नुसती निवाऱ्याची खोली नव्हे. त्याचे मोल कळायला परळच्या चाळीतली एक खोली आठवावी. तिथे स्वयंपाक, झोप आणि अभ्यास सारे एकाच जागेत चाले. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः आडवे होत. तेलाच्या दिव्यावर वाचणारा तो मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला असा जागणारा बाप कुठून येणार? बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा १९२५ मध्ये सोलापूरला सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, यात नवल नाही.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, मिळून राबत आणि एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ‘रयत’च्या शाळांमधून पुढे जे हजारो विद्यार्थी पास झाले, त्यांच्या गुणपत्रिकेवर या माउलीचे नाव कुठेही छापलेले नाही.

जे मूल वसतिगृहापर्यंतही पोहोचू शकत नव्हते, त्याच्याकडे शाळाच चालत गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केले. मुले गुरे राखायला जातात ना, मग शिक्षकानेही कुरणात जावे, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा भरवली.

१९६६ साली अमेरिकेत कोलमन यांचा मोठा अहवाल आला. शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांशी अधिक जवळचा संबंध दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर चर्चा झाली. साताऱ्यातल्या त्या स्वयंपाकघराला मात्र हे चाळीस वर्षे आधी ठाऊक होते. आपल्या देशात १९९५ मध्ये शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजवलेले अन्न मिळू लागले. तीही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

याचा अर्थ मुलाच्या कष्टाला किंवा शिक्षकाच्या शिकवण्याला मोल नाही, असा नाही. पण पेरणीआधी जमीन पाहतात. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल ऐन दिवाळीनंतर शाळा सोडून आईबापांमागे फडावर जाते, आणि परतते तोवर वर्ष संपत आलेले असते. त्याला गणितात किती पडले, हे विचारणे सोपे आहे. त्याआधी, बाळा, तू अभ्यासाला कुठे बसतोस, सकाळी काही खाल्लेस का, एवढे तरी आपण विचारू या.