आधी काळपुळी की आधी साखर?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुन्या घरांमध्ये काळपुळी हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. पाठीवर किंवा मानेवर उठलेले, अनेक तोंडांचे, ठणकणारे कठीण गळू म्हणजे काळपुळी. साध्या बेंडाला कुणी भीत नसे. पोटीस बांधले, बेंड फुटले, पू गेला की काम झाले. काळपुळीचे तसे नव्हते. ती झालेला पन्नाशीतला माणूस तापाने फणफणे, त्याच्या घशाला सारखी कोरड पडे आणि लघवी तपासली की तीत पुष्कळदा साखर सापडे. मग प्रश्न पडे, साखर होती म्हणून काळपुळी झाली, की काळपुळी झाली म्हणून साखर आली?

आज काळपुळी कमी दिसते. तिची जागा न्यूमोनियाने, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने, पायाच्या चिघळलेल्या जखमेने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच आहे. “डॉक्टर, यांना डायबेटिस कधीच नव्हता हो, या तापातच साखर वाढली,” हे वाक्य मी रुग्णांच्या नातेवाइकांकडून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. वैद्यकाने या प्रश्नाचा उलगडा कसा केला, ते आज सांगायचे आहे. गोष्ट जुनी असली, तरी आजही तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

सुरुवात आपल्याकडूनच करू. मधुमेही माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण चरकसंहितेत आहे. त्याच ग्रंथात प्रमेहातून उद्भवणाऱ्या सात पिडका, म्हणजे गळवे, वर्णन केली आहेत. सुश्रुताने त्या दहा सांगितल्या. त्यांची नावे मोठी बोलकी आहेत. परळासारखी मध्ये खोलगट ती शराविका, कासवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका, जाळे पसरल्यासारखी ती जालिनी. पाठीवर किंवा पोटावर येणारी मोठी, निळसर विनता वाचताना तर आपल्या काळपुळीचीच आठवण होते. म्हणजे गोड लघवी आणि पिकणारी गळवे यांचे नाते त्या वैद्यांनी अचूक हेरले होते. पण चरक आणखी एक गोष्ट सांगतो. मेद दूषित झाला असेल, तर प्रमेह नसतानाही अशा पिडका होतात, असे तो म्हणतो. कारण आणि परिणाम यांची जोडी दिसते तितकी सरळ नाही, याची जाणीव इतकी जुनी आहे.

युरोपात हे ज्ञान स्वतंत्रपणे आणि बऱ्याच उशिरा आले. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने मधुमेहींची लघवी चाखून ती मधासारखी गोड लागते, असे लिहून ठेवले. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने अशी लघवी आटवली, तेव्हा तळाशी साखर उरली. रुग्णाच्या रक्तातला द्रवही त्याला गोड लागला. साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती रक्तातूनच तिथे येते, असा त्याचा अर्थ होता. पुढे १८४० च्या सुमारास विल्यम प्राउट यांनी मधुमेह आणि काळपुळी यांची सांगड घातली. साखर आधी आणि गळू मागून, हे मत मग रुळले.

या मताला पहिला धक्का बसला तो पॅरिसच्या प्रयोगशाळेत. १८४९ मध्ये क्लोद बर्नार याने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली. थोड्याच वेळात त्या सशाच्या लघवीत साखर उतरली आणि काही तासांनी ती नाहीशी झाली. त्या सशाला मधुमेह नव्हता. पुढे यकृतात साखरेचा साठा असतो, हेही बर्नारनेच दाखवले. रक्तातली साखर एका मर्यादेपलीकडे गेली की मगच ती लघवीत सांडते, हेही त्याच्या लक्षात आले. आजच्या मोजमापात ही मर्यादा साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. शरीर संकटात सापडले, तर यकृत आपले कोठार उघडते आणि निरोगी प्राण्याच्याही लघवीत साखर दिसू शकते, ही गोष्ट यातून पुढे आली.

संकट म्हणजे केवळ जखमच असावी असेही नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये दाखवले, की कुत्र्याला घाबरलेल्या मांजरीच्या लघवीत साखर येते. त्यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल संघालाही सोडले नाही. १९१३ च्या हंगामातल्या अखेरच्या चुरशीच्या सामन्यानंतर २५ खेळाडूंची लघवी तपासली, तेव्हा १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. गंमत म्हणजे त्यातले पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाकावर बसून घालमेल सोसत होते! नुसत्या उत्कंठेने एवढे होते, तर आठवडाभराच्या न्यूमोनियाने काय होत असेल?

या काळात तपासणीही सोपी होत गेली. अमेरिकेतल्या स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनी १९०८ मध्ये आपले निळे द्रावण प्रसिद्ध केले. माझ्या विद्यार्थिदशेत वॉर्डाच्या कोपऱ्यात स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि या द्रावणाची बाटली असे. पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी असा रंग चढत जाई. इन्शुलिन किती द्यायचे, तेही पुष्कळदा या रंगावरून ठरे. पायात पू साठलेल्या रुग्णाची नळी रोज विटकरी होताना मी पाहिली आहे. सर्जननी चिरा देऊन पू काढला, की त्याच रुग्णाची नळी दोन-तीन दिवसांत हिरवटाकडे झुके. औषध तेच, जेवण तेच, फक्त पू गेलेला. संसर्ग साखर वाढवतो, याचा यापेक्षा बोलका धडा दुसरा नव्हता.

इन्शुलिनच्या कथेतही संसर्ग दबा धरून बसलेला आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. पहिला प्रयत्न फसला. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून मुलगा सुधारू लागला. ही कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. पण तिचा शेवट फारसा सांगितला जात नाही. लिओनार्ड आणखी १३ वर्षे जगला आणि १९३५ साली न्यूमोनियाने गेला. तेव्हा पेनिसिलिन उपचारात आलेले नव्हते. कालपर्यंत पुरेसा पडणारा इन्शुलिनचा डोस ताप येताच अपुरा पडतो, हे त्या काळातल्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते. पण असे का होते?

उत्तर हळूहळू जुळत गेले. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो हुसाय यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी इन्शुलिनच्या विरुद्ध दिशेने काम करते. १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला सगळे चित्र बऱ्यापैकी दिसते. जंतू शरीरात शिरले, की अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन आणि वाढीचे संप्रेरक ही चौकडी कामाला लागते. पांढऱ्या पेशींतून निघणारी काही रसायनेही तिला साथ देतात. यकृत साखर सोडते आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. हेतू चांगलाच असतो. लढणाऱ्या पेशींना इंधन हवे असते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन सोडून हा भार पेलते. ज्याचे स्वादुपिंड आधीच थकलेले आहे, त्याची साखर मात्र भडकते. ती लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, अंग सुकते आणि साखर आणखी चढते. अतिसाखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणजे काळपुळीने साखर वाढते आणि साखरेने काळपुळी चिघळते. आमच्या जुन्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे बरोबर होती!

मग साखर अगदी काटेकोर उतरवावी का? बेल्जियममधल्या लूव्हेन येथे २००१ साली, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत तसे केले, तेव्हा मृत्यू घटले. जगभर उत्साहाची लाट आली. पण २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘नाइस-शुगर’ चाचणीत उलट दिसले. काटेकोर गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर १८० पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. काटेकोर गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकारही जास्त झाले. म्हणून आता अत्यवस्थ रुग्णांत बहुधा १४० ते १८० च्या दरम्यान साखर राखतात.

या साऱ्या इतिहासाची कठोर उजळणी २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले. कुणाचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक वणवण फिरले. मे महिन्यात केंद्र सरकारने या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. त्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेले होते. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊबंद. योग्य रुग्णात, योग्य मात्रेत त्याने प्राण वाचवले, हेही खरेच. पण संसर्ग साखर वाढवतो, स्टेरॉइड ती आणखी वाढवते आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. जिथे साखर तपासायची राहिली, तिथे त्याची किंमत फार मोठी पडली.

तापात प्रथमच साखर सापडली, तर आज एक सोय आहे. इराणच्या सॅम्युएल राहबर यांनी १९६० च्या दशकाअखेरीस मधुमेहींच्या रक्तातले वेगळे हिमोग्लोबिन ओळखले. त्यावर आधारलेली एचबीए-वन-सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. पंडुरोग असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर ती फसू शकते. एरवी ती वाढलेली निघाली, तर मधुमेह आधीपासून घरात होता, तापाने फक्त त्याला उजेडात आणले, असे समजावे. ती नेमस्त असेल तर साखर बहुधा आजाराबरोबर उतरेल, पण बरे झाल्यावर पुन्हा तपासणी हवीच. असे काही जण पुढे मधुमेही होतात. आणखी एक गोष्ट. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या मुद्दामच लघवीतून साखर बाहेर काढतात. त्या घेणाऱ्याच्या लघवीतली साखर पाहून घाबरू नये. मात्र आजारपणात त्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात, हे डॉक्टरांना विचारावे.

शेवटी जे फार कळकळीने सांगावेसे वाटते ते सांगतो. आपल्या घरांत एक समजूत खोलवर रुजली आहे, की रुग्ण जेवत नाही, मग इन्शुलिन कशाला? मायेपोटीच सुई बंद केली जाते. पण जेवण थांबले तरी यकृत थांबत नाही. तापात ते रात्रंदिवस साखर ओतत असते, आणि इन्शुलिन अजिबातच नसेल तर रक्तात आम्ल साठून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तेव्हा डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारून. मनाने सुई बंद करू नये, साखर दर काही तासांनी पाहावी, पाणी पाजत राहावे. उलट्या थांबेनात, श्वास जोरजोरात चालू लागला, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.