स्थूलता, दाह आणि मधुमेह : एका उपेक्षित निरीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना
स्थूलता आणि मधुमेह यांचे साहचर्य वैद्यकास पूर्वीपासून ज्ञात होते. मात्र त्यांना जोडणारा दुवा शरीराच्या प्रतिकारसंस्थेत असू शकतो, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागला. वस्तुतः त्याचा पहिला संकेत शतकभर आधीच मिळाला होता. तो उपेक्षित का राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन
इ.स. १८७६ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म एब्स्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेटमुळे मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर घटते, असे नोंदविले. १९०१ मध्ये मँचेस्टर येथील आर. टी. विल्यमसन यांनीही तसेच निष्कर्ष मांडले. सॅलिसिलेट हे ताप व सांधेदुखीवरील औषध होते. त्याचा साखरेशी संबंध काय, याचे उत्तर तत्कालीन शरीरक्रियाशास्त्राकडे नव्हते. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि संशोधनाचे लक्ष स्वादुपिंडाकडे वळले. मेद ऊती ही तर ऊर्जेची निष्क्रिय कोठीच मानली जात होती.

१९९३ मध्ये बोस्टन येथील गोखान होतामिसलिगिल, ब्रूस स्पीगलमन व सहकाऱ्यांना स्थूल उंदरांच्या मेद ऊतीत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा या दाहकारक प्रथिनाची निर्मिती वाढलेली आढळली. ते निष्प्रभ केल्यावर उंदरांमधील इन्शुलिनरोध कमी झाला. २००१ मध्ये स्टीव्हन शोल्सन यांच्या गटाने दाहप्रक्रियेतील आयकेके-बीटा हे विकर इन्शुलिनरोधास कारणीभूत ठरते व सॅलिसिलेट त्यालाच रोखते, असे दाखविले. एब्स्टाइन यांच्या निरीक्षणाचा अर्थ असा सव्वाशे वर्षांनी उलगडला. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी स्थूल शरीराच्या मेद ऊतीत महाभक्षक पेशी मोठ्या संख्येने जमतात, हे सिद्ध केले. कोठी मानलेली ऊती सौम्य पण दीर्घकालीन दाहाचे केंद्र ठरली.

निष्कर्ष
तथापि कारण उमगणे म्हणजे उपचार गवसणे नव्हे. उंदरांमध्ये प्रभावी ठरलेला उपाय १९९६ च्या मानवी चाचणीत निष्फळ ठरला. तेथे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फाविरोधी प्रतिपिंडाने इन्शुलिनरोध घटला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत सॅलिसिलेट वर्गातील साल्सालेटमुळे एचबीए१सी सुमारे ०.३७ टक्क्यांनी कमी झाले. परंतु वजन व एलडीएल कोलेस्टेरॉल किंचित वाढले. दाह हा रोगसाखळीतील एक महत्त्वाचा दुवा आहे, संपूर्ण साखळी नव्हे. निरीक्षण अचूक असूनही त्यास सामावून घेणारी संकल्पना नसेल तर ते दीर्घकाळ मूक राहते, हाच या इतिहासाचा बोध होय.