जुन्या मोटारीच्या एंजिनास टर्बोचार्जर : एका घरगुती उद्योगाचा इतिहास

यंत्रविद्येचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या दप्तरांवरून लिहिला जातो. कारखाना पेटंटे, नकाशे व पत्रव्यवहार मागे ठेवतो; घरामागच्या शेडमध्ये रविवारी काम करणारा हौशी मनुष्य फार तर तेलाने माखलेली एखादी वही मागे ठेवतो, आणि तीही त्याच्या पश्चात रद्दीत जाते. त्यामुळे हौशी यंत्रकाराचे स्थान इतिहासग्रंथांत एखाद्या तळटीपेपुरते राहिले आहे. जुन्या मोटारीच्या साध्या एंजिनास घरच्या घरी टर्बोचार्जर जोडण्याचा जो उद्योग अमेरिका व युरोपात गेली पाच-सहा दशके चालू आहे, त्याविषयी असे म्हणण्याचा प्रघात आहे की, हे शर्यतीच्या मोटारींचे अनुकरण होय. हे मत अर्धेच खरे आहे. ह्या उद्योगाचे मूळ शर्यतीच्या मैदानाइतकेच मालमोटारींच्या भंगारात शोधावे लागते. शिवाय, ज्या ठिकाणी जगातील एका बलाढ्य कारखान्यास अपयश आले, त्याच ठिकाणी हौशी मनुष्य का टिकला, हा प्रश्न त्या मताने सुटत नाही.

प्रथम मूळ कल्पना पाहू. एंजिनाची शक्ती अखेर ते किती हवा आत घेते ह्यावर ठरते. पेट्रोल अधिक ओतणे सोपे असते. ते जाळण्यापुरती हवा सिलिंडरात कोंडणे अवघड. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत बरीच ऊर्जा फुकट जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे, त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून एंजिनास पुरवावी, ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ साली पेटंटात मांडली. तिला व्यवहारात यश येण्यास वीस वर्षे लागली. १९२५ च्या सुमारास जर्मनीतील दोन प्रवासी जहाजांच्या डिझेल एंजिनांची शक्ती ह्या साधनाने १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली.

दरम्यान विमानविद्येने ही कल्पना निराळ्याच हेतूने उचलली होती. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो ह्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात तिच्यावर काम केले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस ह्याने १९१८ साली लिबर्टी जातीचे विमान-एंजिन ट्रकवर लादून कोलोराडोतील पाइक्स पीक ह्या सुमारे १४,१०० फूट उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन विरळ हवेत २३० पर्यंत उतरले, व टर्बोचार्जर जोडताच ३५६ पर्यंत चढले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉस एंजिनास अधिक हवा देत नव्हता. उंचीने हिरावून घेतलेली हवा परत करीत होता. जमिनीवर चालणाऱ्या मोटारीस निसर्गाने दिलेल्याहून अधिक हवा देणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात वेगळा धोका आहे.

तो धोका ठोक्याचा. आपल्याकडे गॅरेजमध्ये ह्यास ‘नॉकिंग’ म्हणतात. सिलिंडरातील मिश्रण ठिणगीने पेटून ज्योत क्रमाने पसरावी अशी अपेक्षा असते. परंतु उष्णता व दाब मर्यादेबाहेर गेल्यास ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि दट्ट्यावर घणाचा घाव बसावा तसा आघात होतो. हवा दाबली की ती तापते, ही ह्यातील अडचण. साधा हिशेब करून पाहू. २० अंश सेल्सिअस तपमानाची हवा वातावरणाच्या दीडपट दाबाला नेली, व दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता शेकडा ६५ धरली, तर हवेचे तपमान सुमारे ७५ अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ होत असल्याने दाब दीडपट होऊनही प्रत्यक्ष हवेचे वस्तुमान सुमारे सव्वापटच वाढते. वाटेत शीतक, म्हणजे इंटरकूलर, बसवून ती ४५ अंशांपर्यंत निववली तर वाढ शेकडा ३८ पर्यंत पोहोचते आणि ठोक्याचे भयही कमी होते. ह्या विषयाचा सर्व पुढील इतिहास म्हणजे शक्तीचा इतिहास नसून ह्या उष्णतेच्या बंदोबस्ताचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता हौशी मंडळींकडे वळू. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर जुन्या फोर्ड मोटारी सुधारून पळविणाऱ्या तरुणांची परंपरा दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आहे. त्यांचा संघ १९३७ सालचा. युद्धानंतर सैन्याचे मोडीत निघालेले सामान स्वस्तात मिळू लागले, आणि विमानांच्या पोटाखालील इंधनटाक्यांतून मोटारींची अंगे घडू लागली. परंतु ह्या मंडळींनी टर्बोचार्जरला हात घातला नाही. त्यांनी उचलला तो जीएमसीच्या दोन-धावी डिझेल एंजिनावरचा, पट्ट्याने वा दात्यांनी फिरणारा हवाभाता. त्याची ‘६-७१’ ही संज्ञा आजही त्या वर्तुळात मंत्रासारखी उच्चारली जाते. तिचा अर्थ अगदी गद्य आहे : प्रत्येकी ७१ घनइंचांचे सहा सिलिंडर असलेल्या एंजिनाचा भाता. बार्नी नव्हारो ह्याने त्याचाच धाकटा भाऊ फोर्डच्या व्ही-आठ एंजिनावर चढविला आणि मार्ग दाखविला. टर्बोचार्जर तेव्हा का नाही, ह्याचे उत्तर रुचीत शोधण्याचे कारण नाही. विमानांवरील टर्बोचार्जर मोटारीच्या मानाने अजस्र होते, आणि मोटारीस साजेसे लहान टर्बोचार्जर भंगारात येण्यासाठी आधी कोणी तरी ते बनवावयास हवे होते. भंगारात जे येते तेच हौशी मनुष्य वापरतो.

ते लहान टर्बोचार्जर आले ते मालमोटारी व ट्रॅक्टरांच्या डिझेल एंजिनांबरोबर. शर्यतीच्या मैदानावरचा त्याचा पहिला गाजलेला प्रवेशही ह्याच दाराने झाला, हे अनुकरणवाद्यांनी लक्षात घ्यावे. १९५२ साली इंडियानापोलिस येथे कमिन्स ह्या डिझेल एंजिनांच्या कारखान्याने टर्बोचार्जर जोडलेली मोटार उतरविली. तिने पात्रताफेरीत पहिले स्थान मिळविले. पण शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर हवेच्या तोंडाशी धावपट्टीवरील टायरांच्या रबराचा चुरा साचून ती बाद झाली. (ह्याच कमिन्सच्या सहकार्याने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली. महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी संबंध येतो तो असा डिझेलच्या वाटेने.)

त्याच १९६२ साली जनरल मोटर्सने टर्बोचार्जर असलेल्या दोन प्रवासी मोटारी बाजारात आणल्या, आणि ह्या ठिकाणी थोडे थांबणे अवश्य आहे. पहिली शेव्हरोले कोर्वेअर. तिच्या सहा सिलिंडरांच्या, हवेने थंड होणाऱ्या एंजिनाची शक्ती १०२ वरून १५० अश्वशक्तीवर नेण्यात आली. ठोका टाळण्यासाठी तिच्या अभियंत्यांनी संपीडनाचे गुणोत्तर ९ वरून ८ वर आणले. उपाय अनाकर्षक, परंतु भरवशाचा. दुसरी ओल्ड्समोबाइल जेटफायर. तिचे ॲल्युमिनियमचे व्ही-आठ एंजिन २१५ घनइंचांचे, आणि शक्ती बरोबर २१५ अश्वशक्ती. ही जुळणी जाहिरातीसाठीच साधली होती हे सांगावयास नको. मात्र संपीडन १०.२५ इतके उंच ठेविले होते. ते निभावे म्हणून निम्मे ऊर्ध्वपातित पाणी व निम्मा मेथॅनॉल ह्यांचा फवारा मिश्रणात सोडण्याची योजना होती. ह्या द्रवास ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव दिले होते. द्रवाची टाकी रिकामी झाली तर एक झडप आपोआप मिटून हवेचा दाब रोखला जाई.

कागदावर ह्या योजनेत दोष नव्हता. दोष होता मालकाविषयीच्या गृहीतात. मोटार विकत घेणारा सामान्य गृहस्थ पेट्रोल भरतो, क्वचित तेल पाहतो. तिसरा द्रव भरण्याची सवय त्याला नव्हती आणि ती लागली नाही. टाकी कोरडी, झडप मिटलेली, मोटार मंद. आणि तक्रार मात्र टर्बोचार्जरची. दोन वर्षांत सुमारे साडेनऊ हजार मोटारी बनवून जेटफायर बंद झाली. १९६५ साली कंपनीने मालकांना टर्बोचार्जर काढून त्याजागी साधा चौमुखी कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली, आणि पुष्कळांनी ती स्वीकारली. अपयशाचे असे निर्विवाद प्रमाण क्वचितच मिळते.

आमचे प्रतिपादन असे की, हौशी मनुष्य हा ह्या सामान्य मालकाच्या अगदी उलट प्रकारचा मालक आहे. त्याचे लक्ष मोटारीवरून ढळतच नाही. ठोक्याचा आवाज कानाने ओळखणे, ठिणगीच्या वातीचा रंग पाहून मिश्रण जाड की पातळ हे ठरविणे, एंजिन बंद करण्यापूर्वी टर्बोचार्जर निवावा म्हणून मिनिटभर ते मंद चालू ठेवणे, ह्या गोष्टी त्याला ओझे वाटत नाहीत. किंबहुना त्यांच्यासाठीच तो हा उद्योग करतो. कारखान्यास असे लक्ष गृहीत धरता येत नाही, म्हणून त्यास ते यंत्रातच भरावे लागते. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो तेलटंचाईत सापडली व अवघ्या १,६७२ मोटारींवर थांबली. १९७७ साली साबने ९९ टर्बोमध्ये वेस्टगेट, म्हणजे जादा वायू बाजूने सोडणारी झडप, वापरून दाब बेताचा ठेविला आणि रोजच्या रस्त्यावर चालेल अशी १४५ अश्वशक्तीची मोटार दिली. तेथून पुढे कारखान्यांचा मार्ग सुकर झाला. आणि कारखान्यांचा मार्ग सुकर झाला म्हणजे काही वर्षांनी भंगारवाल्याकडे टर्बोचार्जर येऊ लागले.

व्होल्वोचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधक आहे. १९८० च्या दशकात त्या कंपनीचे २.३ लिटरचे एकच बी-२३० एंजिन दोन रूपांत मिळे : २४० मालिकेत साधे, संपीडन ९.८, ७४० टर्बोत टर्बोचार्जरसह, संपीडन ८.७. ठोकळा तोच असल्याने मोडीतील ७४० टर्बोचे एक्झॉस्टचे जोडनळकांडे व टर्बोचार्जर जुन्या २४० वर बोल्टांनी बसतात, हे हौशी मंडळींनी हेरले. मात्र बोल्ट बसले म्हणजे काम झाले असे नाही. दर मिनिटास लाखभर फेरे घेणाऱ्या आसाला दाबाखालचे तेल सतत लागते. ते दाबमापकाच्या जागेवरून फाटा काढून आणता येते. परंतु ते परत जाते केवळ गुरुत्वाने. त्यासाठी तेलाच्या खालच्या भांड्यास रुंद भोक पाडून सरळ उताराची नळी द्यावी लागते. नळी अरुंद वा वाकडी झाली की तेल तुंबते, आसावरील कड्यांतून टर्बाइनकडे पाझरते आणि मागून निळा धूर निघतो. नवशिका मनुष्य टर्बोचार्जरच बिघडला असे समजून दुसरा विकत आणतो. ह्या एका नळीने किती पैसा व्यर्थ गेला असेल ह्याची गणती नाही.

खरी कसोटी लागते ती इंधनाच्या बाबतीत. दाबाखाली चालताना मिश्रण नेहमीच्या १४.७ ऐवजी बारास एक, किंवा त्याहूनही थोडे जाड ठेवावे लागते. जुन्या साध्या एंजिनाच्या इंधनयोजनेस ह्या जादा हवेची वार्ताच नसते. १९८० व १९९० च्या दशकांत ह्यावर उपाय म्हणून हवेच्या दाबाबरोबर पेट्रोलचा दाब वाढविणारे नियामक वापरीत. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट पेट्रोल हवे तर दाब चौपट करावा लागतो, आणि पंप त्याआधीच हात टेकतो. ही कोंडी फुटली ती २००१ साली. ब्रूस बोलिंग व अल् ग्रिप्पो ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा इंधननियंत्रक सुट्या भागांच्या रूपात उपलब्ध केला. घेणाऱ्याने डाख देऊन तो स्वतः जोडावयाचा व त्यातील कोष्टके स्वतः भरावयाची. एंजिनाच्या प्रत्येक वेगाला व दाबाला किती पेट्रोल, हे आता कारखान्याऐवजी मालक ठरवू लागला. येथे हौशी मनुष्य अनुकरण करीत नव्हता. कारखाने जी कोष्टके कुलपात ठेवतात, ती त्याने स्वतः मांडली.

त्याआधी, १९७० च्या दशकात, ह्यू मॅकिनिस ह्यांचे टर्बोचार्जरवरील पुस्तक निघाले होते. संपीडकाचे नकाशे वाचून आपल्या एंजिनास योग्य टर्बोचार्जर कसा निवडावा, हे कारखान्याबाहेरच्या माणसाला त्याने समजावून दिले. पुढे १९९७ साली कॉर्की बेल ह्यांचा ग्रंथ आला. लेखी साधनांच्या दुष्काळात ह्या दोन पुस्तकांचे मोल इतिहासकारास अधिक वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्याहून अधिक विश्वसनीय साधन म्हणजे प्रत्यक्ष धातू. वितळून भोक पडलेला दट्ट्या ठोक्याविषयी कोणत्याही पत्रव्यवहाराहून स्पष्ट बोलतो.

भारतात हा उद्योग रुजला नाही. ह्याचा दोष केवळ दारिद्र्यास वा औदासीन्यास देणे बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या बावन्नाव्या कलमाने निर्मात्याच्या मूळ विवरणात बदल करण्यास मज्जाव केला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. त्यामुळे कोल्हापूर-पुण्याकडच्या कसबी कारागिरांचे हात ह्या विशिष्ट कामाकडे वळले असते की नाही, हा प्रश्न आपल्याकडे विचारताच येत नाही.

जेटफायरच्या उरलेल्या थोड्या मोटारी आता अमेरिकेत संग्राहकांकडे आहेत. कंपनीने काढून टाकलेले टर्बोचार्जर शोधून, दुरुस्त करून, त्यांनी ते पुन्हा बसविले आहेत. मूळ द्रव दुकानात मिळत नाही. पाणी व मेथॅनॉल निम्मे-निम्मे मोजून ते घरीच तयार करतात, आणि मोटार बाहेर काढण्यापूर्वी टाकी भरलेली आहे की नाही हे पाहतात.