सलाबतखान आणि निजामशाही दरबार

अहमदनगरच्या पूर्वेस शहाडोंगरावर असलेल्या तीन मजली अष्टकोनी इमारतीस लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर होय.

मुर्तजा (१५६५–१५८८) हा उत्तरायुष्यात एकांतवासी झाला. राज्याचा सारा भार वजिरावर पडे, पण वजिराचे दैव मात्र राजाच्या लहरीवर अवलंबून राही. १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून देणाऱ्या चंगीजखानास राजाने केवळ संशयावरून विष दिले होते. पुढे तेच पद सलाबतखानाकडे आले. जन्माने चेर्केस असलेल्या या परदेशी सरदारास दक्षिणेत ना कूळ होते, ना वतन. त्याने राज्यात चांगला बंदोबस्त राखला आणि १५८३ मध्ये फराहबागेचे बांधकाम तडीस नेले.

राजाची मर्जी फतेहशहा नावाच्या नर्तकीवर बसली आणि तिने रत्नहार मागितले. खजिना वाचविण्यासाठी सलाबतखानाने तिला नकली हार दिले, असे फेरिस्ता सांगतो. हे उघड होताच राजाने रत्नेच आगीत टाकली. फेरिस्ता त्या काळी याच दरबारात चाकरीस होता, म्हणून त्याची साक्ष सहज डावलता येत नाही. मात्र तो वजिराचा चाहता होता, हेही ध्यानात ठेवावे.

अखेर राजाने कैदेचा हुकूम काढला. प्रतिकार करावा, असा हितचिंतकांचा आग्रह होता. पण सलाबतखानाने तो मानला नाही. स्वतःच पायांत बेड्या घालून तो किल्ल्यात गेला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने थॉमस क्रॉमवेल यास १५४० मध्ये अर्लपद दिले आणि त्याच वर्षी त्याचा शिरच्छेद करविला. क्रॉमवेलने कैदेतून दयेची याचना केली होती. सलाबतखानाने तेवढीही केली नाही. यास आम्ही निव्वळ स्वामिनिष्ठा म्हणणार नाही. ज्याचे सामर्थ्य धन्याच्या नावावरच चालते, त्याने धन्याविरुद्ध कोणाच्या नावाने उभे राहावे?

वजीर कैदेत पडल्यावर मुर्तजास राखणारा कोणी उरला नाही. १५८८ मध्ये पुत्र मिरान हुसेन याने त्यास हमामखान्यात कोंडून मारले. पुढच्याच वर्षी तोही मारला गेला आणि सत्ता जमालखानाच्या हाती गेली. सुटकेनंतर सलाबतखान त्याच्यावर चालून गेला, पण पराभूत झाला. तेव्हा तो वृद्ध झाला होता. लौकरच तो मरण पावला आणि आपणच बांधविलेल्या डोंगरावरील कबरीत त्याचे दफन झाले.