पेशीतला ‘ध’ चा ‘मा’

नारायणराव पेशव्यांचा खून शिकवू लागलो की मागल्या बाकावरची मुलेसुद्धा सावरून बसतात. ३० ऑगस्ट १७७३ चा तो शनिवारवाडा आणि पेशव्यांच्याच चाकरीतले ते गारदी! ‘धरावे’ मधला ‘ध’ बदलून आनंदीबाईंनी ‘मा’ केला, ही कथा मुलांना आधीच पाठ असते. तिला कागदाचा भक्कम आधार नाही, हे मी दर वर्षी सांगतो आणि मुले दर वर्षी ते विसरतात. परवा एका मुलीने विचारले, “सर, एका अक्षराने कुणी वाचल्याची गोष्ट नाही का हो?”

पेशव्यांच्या इतिहासात मला ती सापडली नाही. एका निराळ्या इतिहासात मात्र ती आहे. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, शास्त्र माझे नव्हे. तरी हा विषय कित्येक वर्षे चिकाटीने वाचीत आलो, त्याला कारण एक जुने देणे आहे. ते शेवटी सांगेन.

या इतिहासाची सुरुवात एका कोंबडीपासून होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी १९११ साली दाखविले की कोंबडीच्या अंगावरची गाठ वाटून, अतिबारीक गाळणीतून गाळून, नुसते पाणी दुसऱ्या कोंबडीला टोचले तरी तिलाही गाठ येते. गाळणीतून पार जाणारे ते काही म्हणजे विषाणू होता. बहुतेकांनी मान हलवून विषय सोडून दिला. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी!

त्याच अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक ही बाई मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके वर्षानुवर्षे न्याहाळीत होती. जनुके माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात, अशी तेव्हा समजूत. काही जनुके जागा सोडून उड्या मारतात, असे तिने १९५० च्या सुमारास मांडले. ऐकणाऱ्यांनी गप्प राहून तिची बोळवण केली. तिला नोबेल मिळाले १९८३ साली, एक्याऐंशीव्या वर्षी.

या दोन गोष्टींचा सांधा जुळला १९७० मध्ये. पेशीचे मूळ दप्तर म्हणजे डीएनए आणि त्यावरून कामापुरत्या उतरविलेल्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. दप्तरावरून चिठ्ठी निघते, चिठ्ठीवरून दप्तर लिहिले जात नाही, असे सारे मानीत. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळ्या ठिकाणी दाखविले की राऊस यांच्या विषाणूसारखे काही विषाणू नेमके हेच उलटे काम करतात. आपल्या चिठ्ठीवरून ते डीएनए लिहितात आणि तो पेशीच्या दप्तरात घुसवितात. म्हणून त्यांचे नाव रेट्रोव्हायरस. आपल्या गावगाड्याच्या भाषेत सांगायचे तर हे बनावट सनद लिहून कुलकर्ण्याच्या दप्तरात सरकवून देणे झाले. एकदा ती आत गेली की पेशी तिला आपलाच कागद समजून तिच्या नकला काढीत बसते.

असे कागद आपल्या दप्तरात किती असावेत? २००१ साली मानवी जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की सुमारे आठ टक्के मजकूर जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे, आणि तो धरून जवळजवळ निम्मा मजकूर अशा फिरत्या तुकड्यांचा. बहुतेक तुकडे आज निकामी आहेत. एकाने तर घरात वतन मिळविले आहे! आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार घडविताना जे एक प्रथिन लागते, त्याचे जनुक मुळात विषाणूचे, असे २००० साली उघड झाले.

मग इतके घुसखोर शिरत असताना घर उभे कसे राहिले? याचे एक उत्तर मिळाले ते एड्सच्या विषाणूकडून. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडलेला हा विषाणूही रेट्रोव्हायरसच. त्याच्याजवळ ‘व्हिफ’ नावाचे एक प्रथिन असते. ते काढून घेतले तर काही पेशींत विषाणू वाढतो, काहींत हरतो. १९९८ साली दोन्ही जातींच्या पेशी एकमेकींना जोडून पाहिल्या, तर जोडपेशीतही विषाणू हरला. म्हणजे त्या पेशींत कुणीतरी पहारेकरी होता. २००२ साली ॲन शीही, मायकेल मॅलिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ओळखले. त्याचे नाव एपोबेक-३-जी.

हा पहारेकरी एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे आणि त्याची करामत २००३ मध्ये कळली. नवा विषाणू बांधला जात असताना हा गुपचूप त्याच्या गाठोड्यात शिरून बसतो. पुढल्या पेशीत जाऊन विषाणू आपली सनद लिहू लागला की हा त्यातल्या ‘सी’ अक्षराचा ‘यू’ करीत सुटतो. इतक्या ठिकाणी ‘ध’ चा ‘मा’ होतो की सनद वाचता येईनाशी होते. फिरत्या जनुकांनाही याचे भाऊबंद आवर घालतात. उंदरात असे एकच जनुक. माणसात सात, बाविसाव्या गुणसूत्रावर ओळीने उभी.

विषाणूही कच्चा गुरू केलेला नव्हे. त्याचे व्हिफ या पहारेकऱ्यावर मोडीत काढण्याचा शिक्का मारविते आणि पेशीचीच यंत्रणा मग त्याला नष्ट करते. शिवाय हत्यारबंद पहारेकरी घरात बाळगणे जोखमीचे, हे शनिवारवाड्याला वेगळे सांगायला नको. २०१२-१३ मध्ये कर्करोगाच्या गाठींतली अक्षरे तपासली, तेव्हा स्तन, मूत्राशय अशा कित्येक ठिकाणच्या गाठींत याच घराण्यातल्या पहारेकऱ्यांच्या हाताच्या खुणा आढळल्या. त्यांनी घराचेच दप्तर खोडले होते.

आता माझे देणे. १९९५ च्या दिवाळीत आमच्या गल्लीतले एक काका, ट्रक चालवणारे, हाडांचा सापळा होऊन घरी आले. रोगाचे नाव सगळ्यांना कळले आणि त्यांच्या घरी कुणाचेही फराळाचे ताट गेले नाही. माझ्या आईने मात्र ताट भरून माझ्या हाती दिले. मी चौदा वर्षांचा. ताट ओट्यावर ठेवले आणि हाकही न मारता धूम पळालो. संध्याकाळी काकूंनी ताट घासूनपुसून परत आणले. रिकामे द्यायचे नाही म्हणून त्यात मूठभर साखर होती. आईने ती सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि स्वतः खाल्ली. मी माझी तुळशीमागे टाकून दिली.

पौषात काका गेले. टेमिन-बाल्टिमोर यांनी शोधलेल्या त्या उलट्या लिखाणाला रोखणारी औषधे सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळू लागली ती २००४ पासून. आज वेळेवर गोळ्या घेणारा माणूस पुष्कळ वर्षे जगतो.

त्या मुलीला मी ही सारी गोष्ट सांगितली. काकांच्या रक्तात तेव्हा अक्षर-अक्षराची लढाई चालू होती. त्यांचे पहारेकरी माझ्याच अंगातल्यासारखे होते आणि जुन्या घुसखोरांचे कागद माझ्याही दप्तरात होते. मी घाबरून पळालो तो परक्याच्या ओट्यावरून नव्हे.

ती क्षणभर थांबून म्हणाली, “सर, मग ती साखर खायला हवी होती.”

“हो,” मी म्हणालो.